बारावं नाव

१६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली आणि पाड्यात बोचकी बांधायला सुरुवात झाली. वरई झोडून झाली की वीटभट्टीची वाट, हे दरवर्षीचंच. मुकादमाचा निरोप आलाय, ट्रक पुढच्या गुरुवारी, म्हणजे तेवीस तारखेला, सकाळी फाट्यावर लागेल. त्याआधी माझी यादी निघाली पाहिजे. सूर्यमाळच्या सगळ्या पाड्यांत मिळून दोनशे नऊ लहान पोरं. त्यातल्या कुणाचं वजन घसरलंय, कुणाला भट्टीवर नेऊ द्यायचं नाही, कुणाच्या आईला अडवून जव्हारच्या दवाखान्यात धाडायचं, हे सगळं त्या यादीवर ठरतं. ट्रक एकदा गेला की पोर सहा महिने विटांच्या धुळीत. तिथे ना वजनकाटा, ना कुणी विचारणारं.

पूर्वी आमची पाड्यावरची कार्यकर्ती सोमीमावशी घरोघर फिरून वहीत वजनं लिहायची. जूनपासून मी वही बंद केली, सगळं टॅबवर. टॅबवरचं कॉम्प्युटरवर ओढायचं आणि कमलेशदादाचा प्रोग्रॅम चालवायचा की यादी तयार. कमलेशदादा आधी आमच्या संस्थेत होता, आता पुण्यात नोकरी करतो, पण प्रोग्रॅम अजून तोच सांभाळतो. माझ्या सांगण्यावरून त्याने फॉर्म छोटा केला. 'पायावर सूज आहे का' हा प्रश्न काढला. वहीत वर्षभरात चार वेळा 'हो' आलं होतं, बाकी सगळं 'नाही'. चार 'हो'साठी दोनशे नऊ पोरांना कोण विचारत बसणार? पाड्यामागे अर्धा तास वाचतो.

दादाने आता नवी आवृत्ती धाडली आहे. दोन वेळची वजनं शेजारी ठेवून घसरण लाल रंगात दाखवते. अडचण एकच. ती ज्या पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या भाषेत, लिहिली आहे तो आहे ३.११, आणि आमच्या उबंटूत, म्हणजे कॉम्प्युटरच्या विंडोजऐवजीच्या सिस्टिममध्ये, मुळातला आहे ३.८. 'पायथन' म्हटलं की कॉम्प्युटर तो जुनाच उठवतो. नवा मी मोखाड्याच्या ऑफिसातून पेनड्राइव्हवर आणलाय. उद्या बसवते.

सोमीमावशी आज टॅब द्यायला आली. स्क्रीनवर पुन्हा लाल बोटांचे ठसे. दिवाळीचा गेरू अजून धुवेना का बाईला? बोलले तर हसली. जाता जाता म्हणाली, "रविना बाय, चैतीच्या माघ्याला घे गं त्या यादीत. पोर बरा नाय वाटत."

मी म्हटलं, "मावशी, यादीत मी नाही टाकत, यंत्र टाकतं. वजन घसरलं असेल तर आपोआप येईल नाव."

"बरं बाय," म्हणाली. भावाचं वर्षश्राद्ध आहे म्हणून ती वावर गावाला निघाली आहे. बुधवारपर्यंत येईल.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! नवा पायथन बसला, त्याला लागतील त्या गोष्टीही बसल्या. टाकीपाशी रेंज मिळते, तिथे उभं राहून एक व्हिडिओ पाहिला. डिफॉल्ट बदलायला दोन ओळी, बस्स. आता 'पायथन' म्हटलं की नवाच उठतो. जुन्या वजनांवर प्रोग्रॅम चालवून पाहिला, लाल-हिरवं छान आलं. बीएस्सी वाया गेली असं कोण म्हणतं?

सगळे टॅब रिकामे करून माहिती कॉम्प्युटरवर घेतली. यादी उद्या काढते, आज आईला वरई पाखडायला हात द्यायचा आहे.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कॉम्प्युटर लावला तर ज्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे तीच उघडेना. क्लिक केलं की गोल फिरतं आणि गप्प. दहा वेळा केलं. टाकीवर गेले. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं की दोन पायथन एकमेकांत भांडतात, जुना काढून टाका. पटलं. नवा आल्यावर जुन्याचं काय काम?

दुसऱ्या वाटेने हुकूम दिला. समोर भली मोठी यादी आली, 'खालील गोष्टीही काढल्या जातील'. इतकी लांब की वर सरकतच राहिली. शेवटी विचारलं, पुढे जायचं का? मी 'येस'चा वाय दाबला.

परत सुरू केला तर चित्रं नाहीत, चिन्हं नाहीत, काही नाही. काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरात नाव विचारतोय. नाव आणि पासवर्ड दिला तर नुसती एक रेघ लुकलुकत बसली.

मी काय केलं हे? काय केलं मी?

१९ नोव्हेंबर, रविवार

कुणाला सांगितलं नाही. वेगळी काढून ठेवलेली माहिती शेवटची जूनची. जूननंतरची सगळी वजनं त्या काळ्या पडद्यामागे. टॅब मीच रिकामे केले. वही मीच बंद केली. सगळ्याच दोऱ्या मी माझ्या हाताने कापल्या.

पुन्हा वजन करायचं म्हटलं तर सहा पाडे, एकटीला दहा दिवस लागतील. हातात आहेत चार.

कमलेशदादाला काल आठ फोन, आज सहा. बंद. त्याची बायको बाळंतीण झाली आहे असं कुणीतरी सांगितलं.

दुपारी चैती आली. माघ्या पाठीला. वय दोन वर्षं, पण एवढा गुणी की पाठीला आहे हेही कळत नाही. रडणं नाही, हट्ट नाही. मी गालाला हात लावला तर नुसता बघत राहिला. चैती म्हणाली, "ताई, आमचा नाव हाय का यादीत? माघ्याचा बाप सखा विचारतोय. मुकादमाला जोडी लागते. एक गेला नि एक ऱ्हायला तं तो घेत नाय."

"उद्या सांगते," मी म्हटलं. काय सांगणार होते मी उद्या, देव जाणे.

२० नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून पहाटेच्या एसटीने जव्हारला नेला. मोखाड्यापर्यंत मांडीवर, पुढे वळणावळणाला छातीशी धरून. शेजारच्या बाईने विचारलं, आजारी आहे का कुणी? म्हटलं, हो.

दुकानदाराने त्याला टीव्ही जोडून दोन मिनिटं पाहिलं. "सिस्टिम उडाली मॅडम. फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी न्या."

"आतली माहिती?"

"ती जाणार. काय होतं त्यात, फोटो?"

दोनशे नऊ पोरं होती. मी म्हटलं नाही, तशीच उठले. स्टँडवर बसून पोटभर रडले. एक म्हातारा शेजारी येऊन बसला, म्हणाला, होईल बाय बरा तुझा माणूस.

फाट्यावर उतरले तेव्हा चैती गवताचा भारा टाकून परतत होती. माझी दशा बघून तिने डबा डोक्यावर घेतला. माघ्या पाठीला होताच. मी मागून चालत होते. त्याचे पाय फडक्याबाहेर आलेले, चांगले गुबगुबीत. अनवाणी होता म्हणून विचारलं, तर चैती म्हणाली, दिवाळीला घेतलेल्या चपला आता होईनात.

"आठ दिवसांत? लय भराभर वाढतंय गं तुझं पोर," मी म्हटलं. त्या अख्ख्या दिवसातलं तेवढंच एक बरं बोलणं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

मोखाड्याहून आमच्या प्रमुख रंजनाताईंचा फोन. टाकीवर होते म्हणून लागला. "यादी झाली ना गं?" मी म्हटलं, "झालीच ताई, शेवटचा हात फिरवतेय." इतकं सरळ खोटं मी आईशीही कधी बोलले नाही.

फोन ठेवते तोच कमलेशदादाचा आला. मुलगी झाली आहे, चार दिवस दवाखान्यात होता, फोन घरी विसरला होता. मी अभिनंदनही केलं नाही, एका दमात सगळं सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "वाय दाबायच्या आधी वाचलं नाहीस?"

मग सुरू झाली आमची ये-जा. टाकी वर, ऑफिस खाली. दादा फोनवर एक ओळ सांगतो, मी याच डायरीच्या मागच्या पानावर लिहून घेते, पळत खाली येते, टाइप करते, पडद्यावर काय आलं ते लिहून पळत वर. दुपारपर्यंत अकरा फेऱ्या. बाराव्या फेरीला चप्पल तुटली. पाणी भरणाऱ्या बायकांना वाटलं माझं डोकं फिरलं. त्यांतली नवशी म्हणाली, "बाय, तुझा कोण वर आन् कोण खाली?" एरवी मीही हसले असते.

पंधराव्या फेरीला वीज गेली, ती आलीच नाही. उरला एक दिवस.

२२ नोव्हेंबर, बुधवार

मिळाली. यादी मिळाली!

वीज अकराला आली. दादाला रात्रभर विचार करून एक गोष्ट सुचली होती. म्हणाला, "रविना, उबंटूचा निम्मा संसार त्या जुन्या पायथनवर उभा असतो. ती खिडकी, ती चित्रं, सगळं. तू डिफॉल्ट बदललास तेव्हा त्यांचा आधार हलला, आणि जुना काढलास तेव्हा सगळं कोसळलं. पण नवा तर तू वेगळा बसवलायस. तो मेलेला नाही. नुसतं पायथन म्हणू नकोस, त्याला पूर्ण नावाने हाक मार, आकड्यासकट."

पळत खाली. लुकलुकणाऱ्या त्या रेघेपुढे पूर्ण नाव टाइप केलं, पुढे प्रोग्रॅमचं नाव. दोन सेकंद काही नाही. माझा हात तोंडावर. मग भराभर ओळी. दोनशे नऊच्या दोनशे नऊ पोरं, जशीच्या तशी. पाच दिवस मी ज्याला मेलेला समजत होते तो तिथेच बसून हुकमाची वाट बघत होता. प्रिंटर चालेना, मग पडद्यावरून हातानेच उतरवून घेतलं. अकरा नावं.

जेवलेही नाही. पाडेच्या पाडे पालथे घातले, अकराही घरं गाठली. तीन आया रडल्या, एका बापाने मला हाकलून दिलं, तरी दिवस मावळेपर्यंत नऊ जणांनी राहायचं कबूल केलं. नऊ! मी आनंदाने बांधावरच बसले.

परतताना चैतीचं घर लागलं. ती बोचकं बांधत होती. मीच हाक मारली. "चैती, तुझं नाव नाही गं यादीत. माघ्याचं वजन ऑगस्टात सात किलो सहाशे होतं, दिवाळीआधी आठ तीनशे. वाढलंय. जा खुशाल."

तिने माघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यंत्रात बघला ना तू?"

"यंत्रातच बघितलं."

सखाने लगेच मुकादमाला फोन लावायला टाकीकडे धूम ठोकली. आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आठला सोमीमावशी वावरहून आली. मी मोठ्या अभिमानाने यादी तिच्यापुढे धरली, मग तिला आकडे सोडून फारसं वाचता येत नाही हे आठवून नावं वाचून दाखवली. ती एकेक बोट दुमडत ऐकत होती. अकरावं संपलं तरी एक बोट उभंच.

"माघ्या?"

"त्याचं वजन वाढलंय मावशी."

ती उठली. माझा हात धरून जवळजवळ ओढतच चैतीच्या घरी नेलं. दार दोरीने बांधलेलं. मावशीने ते सोडलं आणि आतल्या कुडावर बोट ठेवलं. दाराशेजारी, खाली, गेरूच्या उभ्या रेघा ओळीने. सात रेघा. मग दोन लाल अंगठे.

"दर खेपेला पोराचे पाय दाबते मी. खड्डा भरून आला तं रेघ. नाय भरला तं अंगठा. वही तू बंद केली, भिंत नाय ना केली. दिवाळीआधी एक उठला, वावरला निंघायच्या दिवशी दुसरा. सूज हाय ती बाय. पानी हाय अंगात. त्याचाच वजन केला तुझ्या काट्याने."

गेरू. टॅबवरचे ठसे. गुबगुबीत पाय. चपला. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं होतं आणि मी त्यावर विनोद केला होता. आणि तो प्रश्न मीच काढायला लावला होता, तोही अर्धा तास वाचावा म्हणून. काल संध्याकाळी मी स्वतः तिला म्हटलं, जा खुशाल. माझ्या तोंडाने म्हटलं.

ट्रक सातलाच गेला होता.

पाड्यातल्या चंदूची मोटरसायकल घेतली. चंदू पुढे, मध्ये मावशी, मागे मी. ट्रक पोशेऱ्याच्या जोड्या घ्यायला थांबतो हे मला ठाऊक, माझंच गाव. वाटेत मी काय काय बोलले ते आठवत नाही, मावशी एवढंच म्हणाली, "गप ऱ्हा, त्याला गाडी चालवू दे."

ट्रक पोशेऱ्याच्या फाट्यावर उभा होता. शेवटचं सामान चढत होतं. मावशी चाकावर पाय देऊन वर चढली, साठीची बाई, आणि चैतीच्या मांडीवरच्या माघ्याचा पाय धरून अंगठा दाबला. उचलला. खड्डा तसाच. मी एक, दोन, तीन मोजत होते, दहापर्यंत मोजलं तरी तो भरला नाही.

चैती माझ्याकडे बघत होती. "तू तं म्हनली..."

"मी चुकले," मी म्हटलं. "चैती, मी चुकले. उतर खाली."

मुकादम ओरडायला लागला. जोडी मोडली तर दोघंही उतरा, दुसरी जोडी इथेच उभी आहे. सखा ट्रकात उभा, खाली बघेना, वर बघेना. इंजिन सुरू झालं. मग त्याने बोचकं खाली टाकलं, त्यामागे भांडी, आणि शेवटी स्वतः उडी मारली. माझ्या चुकीने एका घराचं सहा महिन्यांचं काम गेलं. काल मी माघ्याचा पाय बघितला असता तर निदान विचार करायला त्यांना रात्र मिळाली असती.

संध्याकाळी जव्हारच्या दवाखान्यात दाखल केलं. वजन भरलं आठ सहाशे. नर्सबाई म्हणाल्या, हे वजन खरं धरू नका.

२५ नोव्हेंबर, शनिवार

दर दोन तासांनी चमच्याने दूध. माघ्या तोंड उघडतो, गिळतो, परत भिंतीकडे बघतो. आल्यापासून एकदाही रडला नाही. मी याला गुणी म्हणत होते.

रंजनाताईंना सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तू सोमीला एकदा तरी विचारलंस का, की ती काय काय बघते?" मी कधीच विचारलं नव्हतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कमलेशदादाला लिहून धाडलं: तो प्रश्न परत टाक, सगळ्यात वर. त्याने लगेच टाकला. आणि कॉम्प्युटरचं म्हणाला, जुना परत बसवू, डिफॉल्ट तोच राहू दे, नवा शेजारी. या खेपेला मी त्याची प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

सखा इथेच गवत कापायच्या कामाला लागलाय. माझ्याशी बोलत नाही. डबा आणला की चैतीला देतो आणि दारातूनच माघारी जातो.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल आणि आज काहीच फरक नाही. डॉक्टर म्हणाले, थांबा. चैती थांबते. मला नाही थांबता येत. मी वॉर्डाबाहेरच्या पायऱ्या मोजत बसते. बावीस आहेत.

बाकीच्या पाड्यांतलं काय? त्या ट्रकात आणखी अठ्ठावीस पोरं होती. त्यांचे पाय मी बघितले नव्हते. मावशी म्हणाली, "मी बघलेले हायेत. कुडावर हाय सगळा." तरी उद्या तिच्याबरोबर प्रत्येक घरी जाऊन त्या भिंती बघणार आहे. एकेक रेघ वहीत उतरवणार आहे.

३० नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवार-बुधवार भिंती उतरवल्या. दुसरा अंगठा कुठे सापडला नाही. दोन ठिकाणी पहिला होता, ती दोन्ही पोरं यादीतलीच, आणि पाड्यातच राहिलेली. आज मावशीला घेऊन पहिल्या गाडीने जव्हारला.

माघ्याला काट्यावर ठेवला. सात चारशे. किलोभराच्या वर उतरलं होतं. मी काट्यावर परत वाकून बघितलं, पण नर्सबाई हसत होत्या. पाणी उतरतंय, म्हणाल्या, आता हा खरा माघ्या. त्याच्या पायाची हाडं दिसत होती, बोटं बारीक बारीक. दिवाळीच्या चपला चैतीने सोबत आणल्याच होत्या, तिने घालून बघितल्या. सैल झाल्या.

मी टॅब काढला, घसरण टॅबवरच दाखवणाऱ्या दादाच्या नव्या फॉर्मात दिवाळीआधीचं आणि आजचं वजन भरलं. लाल बाण आला. घसरण, यादीत घ्या. बारावं नाव. तो बरा व्हायला लागला तेव्हा कुठे यंत्राला दिसला. सगळ्यात वरच्या सुजेच्या प्रश्नावर 'हो' टाकलं, आणि मावशीने माझा हात धरून माझा अंगठा त्याच्या पायावर ठेवला. "दाब. जोरात नको." दाबला, उचलला. खड्डा हळूहळू भरत आला.

तेवढ्यात त्याने पाय ओढून घेतला. माझ्याकडे बघितलं, ओठ वाकडे केले आणि रडायला लागला. आधी बारीक, मग मोठ्याने, मग असा की शेजारच्या खाटांवरची पोरं उठून बसली. डबा घेऊन आलेला सखा दारातून आत आला.

चैती त्याला गप्प करायला धावली. सोमीमावशीने तिला धरून खाली बसवलं.

"रडू दे गं," म्हणाली. "रडू दे त्याला."